उन्हाळा आणि कोंबडीचा वंश

चैत्र लागला कीं कुक्कुटपालकांच्या घरीं एकच धांदल उडते. छपरावर पाचट पसरणें, गोणपाटें भिजविणें, पंखे व फवारे लावणें हे उपाय योग्यच आहेत; ते कोणीं सोडूं नयेत. परंतु ज्या पक्ष्यासाठीं हा खटाटोप करावयाचा, तो मुळांत आपल्या हवेस लायक आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो आतां विचारलाच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोंबडीस घाम येत नाहीं. तिच्या अंगाची उष्णता मूळचीच ४१ अंशांच्या वर, आणि त्यावर पिसांचें पांघरूण. हवा तापली म्हणजे चोंच उघडून धापा टाकणें हाच तिचा मुख्य मार्ग. धापांबरोबर रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताचा समतोल बिघडतो व अंड्याचें कवच पातळ होतें. पुढें खाणें सुटतें, वाढ खुंटते, आणि शेवटीं पक्षी दगावतो. सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाणाऱ्या मांसाच्या पक्ष्याच्या अंगांत उष्णताही तितकीच अधिक उत्पन्न होते. निवड वाढीची केली. ऊन सोसण्याची केली नाहीं. त्याचें फळ विदर्भांत पारा ४५ अंशांवर गेला कीं दिसतें.

आतां दुसरी बाजू पाहा. उघड्या मानेच्या कोंबड्या केरळांत व अंदमानांत पूर्वापार आहेत. हा गुण एकाच जनुकाचा आहे. तो आईबापांपैकीं एकाकडून आला तर पिसें सुमारें २० ते ३० टक्के कमी होतात. दोघांकडून आला तर सुमारें ४० टक्के. २०११ सालीं एडिंबरो येथील संशोधकांनीं त्याचें मूळ शोधून काढलें : त्वचेंतील एक प्रथिन वाढतें व तें मानेवर पीस उगवूं देत नाहीं. कुरळ्या पिसांचा गुणही असाच एका जनुकाचा; त्यांत पिसें उलटीं वळतात व अंगाची ऊब बाहेर पडते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें पहिल्यापासून ‘हितकारी’ व दुसऱ्यापासून ‘उपकारी’ हे संकर सिद्ध केले आहेत. अर्थात् विद्या आहे; मागणी नाहीं.

अतिरेक मात्र नको. इस्राएलांत रेहोवोत येथें अविग्दोर काहानेर यांनीं २००२ सालीं बिनपिसांचा मांसल पक्षी पुढें आणला. ऊन, डांस व थंडी यांपासून त्याचें रक्षण कोण करणार ? उघड्या मानेचा मार्ग मध्यम आहे. दोन्हीकडून तो गुण असलेला नर साध्या माद्यांवर सोडला, तर सर्व पिलांस त्याचा एकेक अंश मिळतो. मात्र हींच पिलें आपसांत जोडूं नयेत. पुढच्या पिढींत चौथा हिस्सा पुन्हां पूर्ण पिसांचा निघेल.

असा पक्षी कुरूप म्हणून खपणार नाहीं, असें कोणी म्हणेल. दुकानीं सोललेल्या मांसाचीं पिसें कोण पाहतो ? हिंवाळ्यांत पिलांस ऊब अधिक लागेल, ही शंका मात्र खरी आहे. थंड मुलखांत ह्या पक्ष्याचा लाभ नाहीं. तो तेथें कोणीं नेऊंही नये.

खरी अडचण निराळीच आहे. जे शेतकरी कराराने पक्षी वाढवितात, त्यांच्याकडे पिलें कंपनीचीं, खाद्य कंपनीचें. शेड, वीज आणि श्रम तेवढे शेतकऱ्याचे. वाण निवडण्याचा अधिकार त्यास नाहीं. पण वैशाखांत मर झाली कीं कात्री बहुधा त्याच्याच मोबदल्यास लागते. निवड एकाची आणि तोटा दुसऱ्याचा, हा कोठला न्याय ?

म्हणून आमची सूचना अशी. शेतकऱ्यांच्या संघांनीं करार करतांना उन्हाळी तुकडीसाठीं उष्णतासह वाणाचा आग्रह धरावा. तें न दिल्यास उन्हानें झालेल्या मरीचा भार कंपनीनेंही उचलावा. जे स्वतः पिलें घेतात त्यांनीं येत्या वैशाखांत एकाच छपराखालीं दोन्ही प्रकारचे थोडे थोडे पक्षी ठेवून खाद्य, वजन व मर वहींत टिपावी. पिकाचें बियाणें निवडतांना आपण जमीन व पाऊस पाहतों. पक्षी निवडतांनाही ऊन पाहणें हेंच शहाणपण होय.