घराचे खण आणि घरांतील माणसें

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण लहानथोरांच्या तोंडीं आहे. तिचा अर्थ बहुधा खर्चाच्या बाजूनेंच लाविला जातो. परंतु नीट विचार केला असतां दिसून येईल कीं, या दोन्ही कार्यांत पैशाहून अधिक कसोटी लागते ती व्यवस्थेची. अनेक हातांनीं करावयाचें आणि एकदां झालें म्हणजे सहसा फिरवितां न येणारें असें तें काम असतें. आमच्या फुलंब्रीसारख्या गांवीं जुनीं माळवदें जाऊन त्यांच्या जागीं स्लॅबचीं घरें येत आहेत. मोठ्या शहरांतून तर भिंती व छतें कारखान्यांत ओतून, गाडीवरून आणून क्रेननें जागच्या जागीं बसविण्याची रीत वाढत आहे. या रीतीचें मर्म काय, याचा विचार गृहस्थाश्रमी वाचकांनीं करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

ही कल्पना आपणांस अगदीं परकी आहे असें नव्हे. आपले वाडवडील घराचें माप खणांत सांगत. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. घर तीन खणांचें कीं पांच खणांचें, एवढें सांगितलें म्हणजे सुताराला लांकडाचा अंदाज येई. तुळया व खांब जमिनीवरच तासावयाचे, त्यांचे सांधे खालींच जुळवून पाहावयाचे आणि मग वर चढवावयाचे, असा क्रम असे. म्हणूनच कोथरूड येथील मस्तानी महालाचे भाग उतरवून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत पुन्हां उभारितां आले. मुंबईस काळा घोडा भागांत वॉटसन हॉटेल म्हणून प्रसिद्ध असलेल्या इमारतीचा लोखंडी सांगाडा १८६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत घडवून, जहाजांतून आणून येथें जोडण्यांत आला. ती इमारत जीर्णावस्थेंत कां होईना, आजही उभी आहे.

या रीतीनें वेळ वांचतो तो कशामुळें? कामकरी अधिक चपळ होतात म्हणून नव्हे. जागेवर पाया खणला जात असतांच तिकडे कारखान्यांत भिंती तयार होत असतात; दोन कामें एकाच वेळीं चालतात, आणि पावसाचा खोळंबाही कमी होतो. परंतु या लाभाची किंमत आधीं मोजावी लागते. खिडकी कोठें, नळ कोठून, विजेची तार कोणत्या भिंतींतून, हें सारें सांचा भरण्यापूर्वींच ठरलें पाहिजे. गवंड्याला ‘येथें नको, तेथें दार घे’ असें आयत्या वेळीं सांगतां येतें. सांच्यांतून निघालेल्या भिंतीला तें सांगतां येत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत एका अखंड खडकांतून वरून खालीं कोरून काढिलें गेलें. तेथें जोडण्याचा प्रश्नच नव्हता. जो दगड गेला तो गेला. एक काम जोडून करावयाचें, दुसरें कोरून. पण नियम दोहोंचा एकच : आकृति आधीं, हत्यार मागून.

या ‘आधीं’चें आतां स्वतंत्र शास्त्र झालें आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या तज्ज्ञांनीं मोठ्या कामांतील उपकामांची सांखळी मांडण्याची एक पद्धति बसविली. तिचें सार आपल्या गृहिणींस सांगावयास नको. पुरणपोळीच्या स्वयंपाकांत डाळ शिजावयास लागणारा वेळ दहा माणसें लावूनही घटत नाहीं. तिच्यामागें पुरण, पुरणामागें पोळी. उलट कोशिंबीर अर्धा तास मागें पडली तरी पानें वेळेवर वाढतां येतात. बांधकामांतही डाळ कोणती आणि कोशिंबीर कोणती, हें आधीं ओळखणें हीच व्यवस्था. बांधकामाच्या व्यवस्थापनाचें शिक्षण व संशोधन यांसाठीं १९८३ सालीं ‘निकमार’ ही राष्ट्रीय संस्था निघाली. पुण्यास बालेवाडी येथें आज तिचें विद्यापीठ आहे.

व्याकरणांत दोन शब्द आपापल्या परीनें शुद्ध असले तरी ते जवळ आले म्हणजे संधीचा नियम लागतो. इमारतीच्या सांध्याचेंही तसेंच आहे. मुंबईस अंधेरीचा गोखले पूल नव्यानें बांधिला गेला आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजीं त्याची एक बाजू खुली झाली. रेल्वेच्या नियमांमुळें त्याची उंची वाढली होती. शेजारचा बर्फीवाला पूल मात्र जुन्याच पातळीवर राहिला, आणि दोहोंत माणसाच्या छातीएवढें अंतर पडलें. पुढें बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलावा लागला, तेव्हां जुलै महिन्यांत दोन्ही पूल जुळले. पूल दोन्ही उभे होते. राहिला होता तो संधीचा विचार.

पण सर्वांत मोठा सांधा दगडाचा वा लोखंडाचा नसतो, तो घर आणि माणूस यांमधला असतो. मराठवाड्यानें हा धडा फार दुःखानें घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदें कोसळून, सरकारी गणतीप्रमाणें, आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं. त्यानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. कुटुंबाच्या जमिनीच्या मानानें २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांचीं, ठराविक नमुन्याचीं घरें सरळ रांगांत उभीं राहिलीं. संकटांतून उठलेल्या लोकांस पक्कें छप्पर मिळालें, हें उपकाराचेंच काम. तथापि जे चुलत भाऊ एका गल्लींत राहत ते दूर विखुरले; गुरें, कडबा आणि बायकांची बसण्याउठण्याची जागा यांस नकाशांत पुरेसें स्थान नव्हतें, असें मागाहून अभ्यासकांस आढळलें. याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या अंगांत जुन्याच गांवीं घरांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती. तेथें मदतीची रक्कम हप्त्यांनीं घरधन्याच्या हातीं दिली गेली आणि अनेक गांवीं महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमिले गेले. घर कसें हवें हें तेथें राहणाऱ्यांनींच ठरविलें.

म्हणून माझी सूचना एवढीच कीं, घर जुळणीचें असो वा विटांचें, पाया खणण्यापूर्वीं एक दिवस घरांतील सर्वांनीं, सुना-लेकींसकट, एकत्र बसावें. वृद्धांना रात्रीं मोरीपर्यंत किती पावलें चालावें लागेल, पापड-कुरडया कोठें वाळतील, मुलांनीं अभ्यास कोठें करावा, हें कागदावर मांडावें. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : उद्यां दोन चुली झाल्या तर कोणता खण कोणाकडे, आणि जिना कोणाच्या दारावरून? हा प्रश्न पुष्कळांस अशुभ वाटतो आणि तो वडिलांच्या देखत कोणी काढीत नाहीं. परंतु आयुष्याची पुंजी घालून घर बांधावयाचें असतां तो टाळणें हेंच खरें अशुभ होय. जी भिंत आज कागदावर काढावयास संकोच वाटतो, तीच पुढें ऐन अंगणांत उभी राहते, आणि तेव्हां ती कोणाच्याही सोयीची नसते.