‘काळाचा घाला’ आणि व्हीटी-यूपीझेड

विमान कोसळले की मराठी वृत्तगद्य ताबडतोब नियतीला शरण जाते. ‘काळाने घाला घातला’, ‘दैव बलवत्तर म्हणून बचावले’ ही वाक्ये जणू खिळे जुळवून ठेवलेलीच असतात. या भाषेवर आमचा आक्षेप आहे, आणि तो केवळ शैलीचा नाही.

२८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपरला, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीपाशी खासगी विमान कोसळले. बीचक्राफ्ट किंग एअर सी-९०. (जेट नव्हे, पंख्याचे, पण मंत्र्यांच्या आणि धनिकांच्या सेवेतील त्याच कुळातले.) आतले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी, असे पाच जण गेले. मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले. नियतीवाद्यांना तेवढे पुरे होते. परंतु विमानाच्या अंगावर व्हीटी-यूपीझेड अशी अक्षरे होती. त्यांतील ‘यूपी’ पाहून ते उत्तर प्रदेश सरकारचे असल्याचे वृत्त पसरले. त्या सरकारने खुलासा केला, की अलाहाबाद येथील अपघातानंतर विमान मुंबईच्या यूवाय एव्हिएशनला विकलेले आहे. विक्री २०१४ मधली. मालक बदलला, अक्षरे तीच राहिली. आणि घाटकोपरचे ते उड्डाण दुरुस्तीनंतरच्या चाचणीचे होते, जुहूहून निघालेले.

आधीचा अपघात, विक्री, दुरुस्ती, चाचणी. हे चरित्र आहे. यात जागोजागी माणसांच्या सह्या असतात. ‘काळाने घाला घातला’ हा कर्मणी प्रयोग, हे आपण वर्गात शिकवतो. कर्मणीतही कर्ता असतोच, पण येथे ती जागा काळाने अडवलेली आहे. विमान उडण्यास योग्य आहे असे लिहून देणारा माणूस या वाक्यात मावतच नाही.

‘व्हीटी’ ही अक्षरे ब्रिटिश अमदानीतली, म्हणून गुलामगिरीचे चिन्ह, अशी तक्रार संसदेतही झालेली आहे. पहिल्या दोन अक्षरांवर अस्मिता पेटते. पुढच्या तिनांत काय दडले आहे ते मात्र कोणी वाचत नाही!

१४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले व्हीएसआर व्हेंचर्सचे लिअरजेट ४५, व्हीटी-डीबीएल, मुंबईच्या धावपट्टीवर उतरताना भरकटले आणि मोडले. मुसळधार पाऊस, दृश्यमानता ७०० मीटर. आठही जण वाचले. येथे तर ‘दैवा’ची चंगळच. दृश्यमानतेचा आकडा बातमीत होता. पण त्या आकड्याचा अर्थ काय, एवढ्या पावसात उतरावे की दुसरीकडे जावे हे कोण आणि कशावरून ठरवतो, हे मराठीत समजावून सांगण्याची तसदी किती जणांनी घेतली?

यावर एक उत्तर ठरलेले असते: अपघाताच्या तपासाचा हेतू दोष ठरवणे हा नसतो, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. मान्य. पण दोष न देणे आणि कारण न सांगणे यांत अंतर आहे, आणि तपास अहवाल तर कारणासाठीच लिहिले जातात. ते इंग्रजीत असतात. मराठी वाचकाच्या वाट्याला उरतो तो ‘काळ’.

हे मुंबईचे प्रश्न, आम्हांस काय, असे म्हणण्याची सोय आता नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून विमान आपल्याही अंगणात आले आहे. वृत्तलेखनाच्या तासाला आम्ही अपघाताचे एक कात्रण वाचून दाखवले, तेव्हा देवबागचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, आमच्या होडयेचो नंबर पयलो इचारतत. ह्या इमानाचो नंबर खंय आसा?” कात्रणात तो नव्हता. तीन परिच्छेद हळहळ होती.

खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त नियतीला जागा आहे, कारण तेथे ती पात्रांच्या अनुभवातून येते. वृत्तान्तात ती वार्ताहराच्या आळसातून येते. आमचे काही सहकारी यालाच ‘मराठीची हळवी परंपरा’ म्हणतात, म्हणोत.

पुढील सत्रात विद्यार्थ्यांना व्हीटी-यूपीझेडचे चरित्र लिहावयास देणार आहोत. मालक कोण, मोडले केव्हा, दुरुस्त कोणी केले, सही कोणाची. ‘काळ’ कर्त्याच्या जागी आल्यास दोन गुण वजा.