रहीमसाहेबांचा जमाना

आमचे मामा नव्वदीला टेकले आहेत. काल रात्री काय जेवले ते त्यांना आज सकाळी सांगता येत नाही. पण १९५७ सालच्या पोलीस संघाचे अकरा गडी ते गोलीपासून सेंटर फॉरवर्डपर्यंत बोटावर मोजून दाखवतात. मोजून झाले की मान हलवतात आणि ठरलेले वाक्य म्हणतात, "रहीमसाहेबांचा जमाना गेला." विद्यानगरच्या आमच्या घरी हे वाक्य मी गेली साठ वर्षे ऐकत आलो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, मग ते बडी चावडीला असो की काचीगुड्याला, एखादे मामा, काका किंवा आजोबा हेच वाक्य म्हणत असतील, अथवा म्हणत गेले असतील.

२०२५ च्या दिवाळीत मात्र या वाक्याला प्रथमच उत्तर मिळाले. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा पिवळी जर्सी घालून फराळाला बसला होता. तो म्हणाला, "मामाआजोबा, तुमचे रहीमसाहेब, तसा आमचा मानोलो." मामांना कमी ऐकू येते. त्यांनी विचारले, "कोण मनोहर?" सगळे हसले, पण त्या पोराचा चेहरा हसरा नव्हता. ज्या क्लबाची जर्सी त्याच्या अंगात होती, तो क्लब त्याच महिन्यात हैदराबाद सोडून दिल्लीला गेला होता.

तेव्हापासून मी या दोन उसाशांचा विचार करीत आहे. एक नव्वदीचा, एक तिशीचा. दोन्ही एका शिक्षकासाठीच टाकलेले. ते सारखेच आहेत काय?

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा. ते उस्मानियाचे पदवीधर आणि व्यवसायाने शाळामास्तर. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये त्यांनी मुलांना शिकवले. म्हणजे आपल्या विद्यानगरपासून हाकेच्या अंतरावर. १९४३ पासून ११ जून १९६३ ला कर्करोगाने देह ठेवीपर्यंत हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांच्या हाताखाली होता, आणि १९५० पासून देशाचा संघही. मुंबईला कूपरेजवर भरणारा रोव्हर्स कप या संघाने १९५० ते १९५४ असा ओळीने पाच वर्षे जिंकला. १९५० साली दिल्लीला ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवले. देशाच्या संघाने १९५१ साली दिल्लीच्या आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. त्या मेलबर्नच्या संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, लतीफ, झुल्फिकारुद्दीन आणि सिकंदराबादचा तुलसीदास बलराम अशी आपल्या शहराची पोरे होती. हे सारे मामांना पाठ आहे. आता तर २०२४ साली 'मैदान' चित्रपट आल्यापासून ते मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनाही पाठ झाले आहे, आणि ते आम्हालाच फोन करून सांगतात.

मामांच्या आठवणीतील एक गोष्ट मात्र कोणत्याही चित्रपटात नाही, आणि माझ्या मते ती आपल्या लोकांसाठी सर्वांत मोलाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जुने हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूरकडे. ज्यांचे घर सुलतान बाजारात आणि शेत नांदेड जिल्ह्यात, त्यांचे घर एका राज्यात आणि बांध दुसऱ्या राज्यात पडला. राज्य गेले, पण फुटबॉलच्या संघाचे नाव अजून 'हैदराबाद'च राहिले होते. त्याच हंगामात, म्हणजे १९५६-५७ ला, या संघाने संतोष ट्रॉफी जिंकली. पुढच्या हंगामात ती याच शहरात पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर होती मुंबई!

मामा सांगतात, त्या दुसऱ्या सामन्याच्या वेळी नांदेडचे एक नातेवाईक घरी उतरले होते. ते आता मुंबई राज्याचे रहिवासी. त्यातून मुंबई म्हणजे मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे शहर. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. "मग तुम्ही ओरडणार कुणासाठी?" असे त्यांना घरात मुद्दाम डिवचले गेले. ते म्हणाले, "मॅच संपेपर्यंत मी निजामाच्या मुलखातला, मग बघू." आणि मैदानावर त्यांचाच घसा आधी बसला. आपण मराठी बोललो, गणपती बसवले, विवेक वर्धिनीत शिकलो, ते सारे खरे. पण आपले 'हैदराबादी' असणे फारसे शब्दांत न मांडता ज्या थोड्या ठिकाणी उघड झाले, त्यांत ते मैदान होते. मामांच्या उसाशात हाही एक भाग आहे. पाच रोव्हर्स कपांचा तो एकटा अभिमान नव्हे.

तरीही मला या उसाशाविरुद्ध काही म्हणायचे आहे, आणि ते मामांच्या तोंडावर म्हणण्याचा धीर मला झालेला नाही.

'रहीमसाहेबांचा जमाना' म्हणताना आपण सारे श्रेय एका माणसाच्या पदरात टाकतो आणि हात झटकून मोकळे होतो. असा माणूस पुन्हा झाला नाही, म्हणून असा खेळ पुन्हा झाला नाही. आपला काय दोष? पण खुद्द रहीमसाहेबांनी आयुष्यभर काय केले ते पाहा. ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते, आणि कपांच्या बातम्या येत त्याच काळात ते लहान मुलांच्या अजब स्पर्धा भरवीत. एका स्पर्धेत मुलाने फक्त आपल्या कच्च्या पायाने खेळायचे; उजवा पाय चालतो ना, मग डाव्यानेच मारायचे. दुसरीत चेंडू पायाशी घोळवत न्यायला बंदी. आला की लगेच जोडीदाराला द्यायचा. तिसरी ठेंगण्या मुलांसाठी, उंची मोजून घेतलेली, म्हणजे थोराड पोरांनी धाकट्यांना लोटून देऊ नये. यात झगमगाट काही नव्हता. शाळेत हजेरीपट काढून मुले मोजणाऱ्या मास्तराचेच हे डोके. पण वीस वर्षे गल्लोगल्ली असे चालले, तेव्हा पोलीस संघात आणि देशाच्या संघात दोन्ही पायांनी खेळणारे, चेंडू न अडवणारे गडी तयार मिळाले.

शिवाय त्यांच्या मागे माणसे होती. एस. एम. हादी, ज्यांनी १९३४ साली रणजी करंडकातले पहिले शतक काढले आणि जे टेनिसचा डेव्हिस कपही खेळले होते, त्यांच्यासारखे जाणते खेळाडू असोसिएशनची घडी बसवायला होते. शिवकुमार लाल यांच्यासारखे पोलीस अधिकारी होते. गरीब घरच्या पोराला चांगला खेळतो म्हणून पोलिसात नोकरी मिळे. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार हातात पडे, आणि आई निर्धास्तपणे त्याला सकाळी मैदानावर पाठवी. शाळा, मैदान, नोकरी, स्पर्धा अशी ती साखळी होती. रहीमसाहेब गेले त्या दिवशी ती तुटली नाही. १९६५-६६ ची संतोष ट्रॉफी आंध्र प्रदेशाने जिंकलीच. ती नंतर एकेक कडीने सुटत गेली. बलरामसारखे मोहरे तर आधीच कलकत्त्याच्या क्लबांनी उचलले होते. मैदाने आटली. शाळांनी खेळाचा तास गणिताला दिला. आम्ही पाहत राहिलो आणि घरी येऊन उसासे टाकले.

आता पुतण्याच्या मानोलोकडे येऊ. मानोलो मार्केझ हा स्पेनचा शिक्षक २०२० साली हैदराबाद एफसीकडे आला. माणूस गुणी, यात शंका नाही. क्लब तेव्हा नुसता वर्षाचा होता. पहिल्या हंगामात शेवटच्या क्रमांकावर होता. त्याने तरुण भारतीय मुलांवर विश्वास टाकला, ओग्बेचेसारखा गोल मारणारा परदेशी पुढे ठेवला, आणि २० मार्च २०२२ ला इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवून दिले. तो अंतिम सामना आठवला की पुतण्याचे डोळे अजून चमकतात. समोर केरळ ब्लास्टर्स, प्रेक्षागृहात त्यांचीच गर्दी; साहिल ताव्होराने शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली आणि लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. दोघेही गोव्याचे.

पण हा सामना झाला कुठे? मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर. कोरोनामुळे ते दोन्ही हंगाम गोव्यातच खेळले गेले. म्हणजे ज्या दोन वर्षांत हा संघ वर आला, त्या दोन वर्षांत त्याने या शहराचे तोंड पाहिले नाही आणि शहराने त्याला पाहिले ते दूरचित्रवाणीवर. २०२३ ला मानोलो गोव्याच्या क्लबाकडे गेला. त्यानंतर खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, संघ तळाला गेला, क्लबाचे मालक बदलले. आणि २०२५ साली तोच क्लब नाव बदलून दिल्लीचा झाला. यात नवल ते काय? तो आला होता तोही २०१९ साली, पुण्याचा क्लब बंद पडला त्याच्या जागेवर. पुण्याच्या पोरांनी तेव्हा टाकलेला उसासा आपल्याला ऐकू आला नव्हता, कारण आपण स्वागताचे ढोल वाजवत होतो.

मला दोन जमान्यांत फरक दिसतो तो इथे. सिटी पोलीसचा संघ उचलून दिल्लीला नेण्याची कल्पनाही कुणाला शिवली नसती. न्यायचे काय, तर काचीगुड्याची शाळा, गल्लीतली ती कच्च्या पायाची स्पर्धा आणि पोलीस लाइनीतली घरे उपटावी लागली असती! मानोलोच्या यशाखाली यातले काहीच नव्हते. त्याचा तो दोष नाही. त्याला बोलावणाऱ्यांनी तयार माल मागवला होता.

पुतण्याला मी एवढे म्हणालो, तर त्याने मला उलट विचारले, "काका, तुम्ही कधी मला फुटबॉलला घातले?" नाही घातले. त्याला दहाव्या वर्षी क्रिकेटला घातले आणि चौदाव्या वर्षी तेही सोडवले. नल्लाकुंटा आणि विद्यानगर हा आयआयटीच्या शिकवण्यांचा मुलूख. चुक्का रामय्या यांच्या वर्गाने देशभर नाव काढले तो हाच परिसर. इथे 'कोचिंग' म्हटले की पहाटे चारला उठून गणिते सोडवणारी मुलेच डोळ्यांपुढे येतात. पायाचा कोच असतो हे आम्ही विसरलो. त्या वर्गांनी आपल्या घरांचे भले केले, हे मी नाकारणार नाही. पण मग मैदान ओस पडल्याबद्दल रडण्याचा हक्क आपला थोडा कमी होतो.

गोशामहालच्या पोलीस मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये उस्मानिया रुग्णालयाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसली. जुन्या इमारतीची दशा पाहता दवाखाना नको असे कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. फक्त, त्या मैदानाच्या बदली तेवढे दुसरे मैदान मुलांना कुठे मिळाले, असे विचारणारी पत्रे वृत्तपत्रांत किती आली? मी तरी लिहिले नाही. 'मैदान' चित्रपटाला मात्र आम्ही घरचे अकरा जण गेलो होतो.

फराळानंतर पुतण्याने मामांना विचारले की कच्च्या पायाची स्पर्धा नक्की कशी असे. हे त्यांना कानात ओरडून सांगावे लागले. मग ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. पुतण्याने खालच्या मजल्यावरच्या मुलांचा टेनिसचा चेंडू आणून त्यांच्या पायाशी ठेवला. उजवा पाय त्यांनी पक्का रोवला आणि डाव्याने चेंडू मारला. तो सरळ पुतण्याकडे न जाता मामींच्या काचेच्या कपाटावर आपटला. "अहो, तुम्ही दोघे बाहेर जाऊन खेळा," मामी म्हणाल्या. पुतण्याने खिडकीतून खाली पाहिले. अंगणभर मोटारी उभ्या होत्या.