सोवळ्यातले मध्ययुग

पाओलो आणि व्हित्तोरिओ तावियानी या बंधूंचा ‘माराविल्योसो बोकाच्चिओ’ (२०१५) हा चित्रपट आमच्या पदव्युत्तर वर्गाला दाखवून झाला. दिवे लागले. समारोप करताना एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “इटलीच्या मध्ययुगात प्रेमकथा होत्या, आपले मध्ययुग भक्तीचे. तेव्हा तुलनेच्या फंदात पडू नये.” विद्यार्थ्यांनी हे वाक्य इमानेइतबारे वहीत उतरवून घेतले. माझे भांडण त्या सहकाऱ्यांशी नाही, त्या वाक्याशी आहे. कारण मराठीच्या वर्गांतून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतले जात आहे.

आधी चित्रपटाविषयी. १३४८ साली फ्लोरेन्समध्ये प्लेगने थैमान घातले असताना सात तरुणी आणि तीन तरुण शहर सोडून खेड्यात जातात आणि दहा दिवसांत एकमेकांना शंभर कथा सांगतात, अशी बोकाच्चिओच्या ‘डेकॅमेरॉन’ची रचना आहे. तावियानींनी त्यांतल्या पाच कथा निवडल्या आणि प्लेगची चौकट राखली. मरण दारात उभे असताना माणसे प्रेमाच्या गोष्टी का सांगतात, हा प्रश्न त्यामुळे प्रेक्षकापुढे राहतो, हे या चित्रपटाचे श्रेय. पासोलिनीने १९७१ च्या आपल्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये नेमकी हीच चौकट काढून टाकली होती आणि कथा नेपल्सच्या गल्लीबोळांत, तिथल्या बोलीत नेल्या होत्या. त्याच्याकडे घाम, भूक आणि हसू होते, प्लेग नव्हता. तावियानींकडे प्लेग आहे, पण घाम नाही. हिरव्या टेकड्या, रंगसंगतीने नटलेली वस्त्रे, चित्रासारख्या चौकटी हे सारे इतके देखणे आहे की वेदनासुद्धा भिंतीवर टांगण्याजोगी होते.

पण बोकाच्चिओने या कथा नयनसुखासाठी लिहिल्या नव्हत्या. प्रास्ताविकात तो सांगतो की आपले पुस्तक स्त्रियांसाठी आहे. बाप, आई, भाऊ आणि नवरा यांच्या मर्जीखाली चार भिंतींत कोंडल्या गेलेल्या आणि प्रेम मनातच दडपावे लागणाऱ्या स्त्रियांसाठी. ही यादी लक्षात ठेवावी. चौथ्या दिवसाच्या पहिल्याच कथेत विधवा गिस्मोंदा बापाच्या पदरी असलेल्या, हलक्या कुळातल्या ग्विस्कार्दोवर प्रेम करते. बाप तांक्रेदी त्याला मारतो आणि त्याचे काळीज सोन्याच्या पेल्यातून मुलीकडे पाठवतो. ती त्या पेल्यात विष ओतून पिते. त्याआधी ती बापाला तोंडावर सुनावते, की कुलीनता जन्माने येत नाही, गुणाने येते. तावियानींनी ही कथा घेतली आहे. त्याच दिवसाच्या पाचव्या कथेत लिसाबेत्ताचे भाऊ तिच्या प्रियकराचा खून करतात. ती पासोलिनीने घेतली आहे. म्हणजे प्रेमकथा म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती पुष्कळदा बापाच्या आणि भावाच्या सत्तेची कथा असते.

आता ‘आपले मध्ययुग भक्तीचे’ या वाक्याकडे येऊ. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. तिच्याच काठी, वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर आहे. ते रुक्मिणीचे माहेर. तिथून तिची पालखी आजही पंढरपूरला जाते. या रुक्मिणीने काय केले? भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले. तिने ते मानले नाही. ज्याला कधी पाहिले नव्हते, केवळ ऐकले होते, त्याला तिने ब्राह्मणाहाती निरोप धाडला आणि कुठून, कधी पळवून न्यायचे तेही कळवले. अंबिकेच्या देवळातून ती गेली. भाऊ शस्त्र घेऊन मागे धावला. बोकाच्चिओच्या यादीतला भाऊ इथेही आहे; फरक इतकाच की इथे तो हरला.

मराठी काव्याच्या पहाटेलाच ही कथा उभी आहे. आद्य कवयित्री महदंबेचे धवळे याच लग्नाचे. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ तेराव्या शतकाच्या अखेरचे. ते आपल्या नावावर करावे अशी रामदेवरायाची इच्छा कवीने नाकारली, अशी आख्यायिका आहे. त्याचा भाऊ नृसिंह याच्या नावावर ‘नलोपाख्यान’ आहे, म्हणजे आणखी एका स्वयंवराची कथा. पुढे १५७१ मध्ये एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. तरीही आपल्या मध्ययुगात प्रेमकथा नाहीत!

त्या आहेत, आपण त्यांना सोवळे नेसवले आहे. भास्करभट्ट बोरीकराचा ‘शिशुपाळवध’ वाचून त्याच्या गुरुबंधूने सांगितले की ग्रंथ चांगला, पण निवृत्तीच्या मार्गावरच्या माणसाजोगा नाही. कवीने शृंगार बाजूला ठेवून ‘उद्धवगीता’ लिहिली. त्या गुरुबंधूचा अधिकार पंथापुरता होता. आपण मात्र त्याचा अभिप्राय वाङ्मयेतिहासाचा निकष करून टाकला. बोकाच्चिओवरही असेच आक्षेप आले. चौथ्या दिवसाच्या आरंभी त्याने टीकाकारांना सरळ उत्तर दिले. उतारवयात तोही कचरला आणि घरच्या स्त्रियांना आपले पुस्तक वाचू देऊ नका, असे त्याने एका मित्राला लिहिले. पण इटलीने त्याचे पुस्तक ठेवले, पत्राचा सल्ला नव्हे.

आपल्याकडे याहून चमत्कारिक गोष्ट घडली. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण उपवर मुलींना सांगितले जाते, चांगले स्थळ यावे म्हणून. भावाने ठरवलेले स्थळ जिने मोडले, तिची पोथी घरच्यांनी ठरवलेले स्थळ जमावे म्हणून वाचायची! वर्गात आपण तरी वेगळे काय करतो? मीही वर्षानुवर्षे नरेंद्राचे वेचे उपमा-उत्प्रेक्षांची यादी करूनच शिकवले. रुक्मिणी भावाला का जुमानत नाही, हा प्रश्न मी एकाही प्रश्नपत्रिकेत घातला नाही. हा दोष माझाही आहे.

यावर उत्तर ठरलेले आहे: हे जीव-शिवाचे मीलन आहे, लौकिक प्रेम नव्हे. एकनाथांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, आणि नरेंद्रालाही कृष्ण परमेश्वरच वाटतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण रूपकाला लौकिकाची जमीन लागते. घर सोडण्याचे धाडस काय असते हे ज्याला कळत नाही, त्याला संसार सोडण्याचे रूपक काय कळणार? अध्यात्माचा अर्थ मिळाला म्हणून आधीचा अर्थ खोडायचा नसतो. आपण तो खोडला, आणि वर म्हणतो की तो नव्हताच.

या खोडण्याची किंमत असते. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. आर्ची पाटलाची, परशा पारधी समाजातला. अखेरीस तिच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात, चहा घेतात आणि दोघांचा खून करतात. भाऊ त्यांत असतो. गिस्मोंदेचा पेला तावियानींना सातशे वर्षांपूर्वीच्या वेषात दाखवावा लागला. मंजुळे यांना वेष बदलावा लागला नाही. आमच्या विद्यार्थ्यांना हा शेवट परका वाटला नाही. त्यांना परकी वाटली ती नरेंद्राची रुक्मिणी, कारण ती अशाच एका घरातून निघाली होती हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

तेव्हा तुलना करू नये, हा सल्ला मी मानणार नाही. पुढच्या सत्रात नरेंद्र, गिस्मोंदेची कथा आणि ‘सैराट’ हे तिन्ही मी एकाच आठवड्यात, एकाच वर्गात शिकवणार आहे. सहकाऱ्यांनी जरूर विरोध करावा. फक्त त्याआधी पोथीचे सोवळे बाजूला ठेवून रुक्मिणीचा निरोप एकदा निरोप म्हणून वाचावा, आणि तो कोणाच्या धाकाखाली पाठवला गेला होता हे विद्यार्थ्यांना सांगावे.