ऐपतीलाच पत म्हणायचे काय?

‘पत’ आणि ‘ऐपत’ हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले आहेत, आणि त्यात मोठे शहाणपण आहे. ऐपत म्हणजे खिशातील बळ. पत म्हणजे शब्दाला जागणाऱ्या माणसावर चारचौघांनी टाकलेला विश्वास. ऐपत नसलेल्यालाही पत असू शकते, आणि ऐपतदारांची पत कशी नाहीशी होते हे पेण तालुक्याला निराळे सांगण्याची गरज नाही. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेतील बनावट कर्जखात्यांचा गैरव्यवहार उघडकीस आला, तेव्हा पोळले ते प्रामुख्याने छोटे ठेवीदार.

हा भेद पुसून टाकण्याचे काम आता एका तीन आकडी अंकाने आरंभिले आहे. सिबिल ही पतमाहिती कंपनी २००० साली स्थापन झाली, २००५ साली अशा कंपन्यांसाठी कायदा झाला, आणि आज ३०० ते ९०० यांमधील एक अंक कर्जदाराचे भवितव्य ठरवीत आहे. घरासाठी, दुचाकीसाठी, धंद्यासाठी कर्ज मागावयास जा. पहिला प्रश्न ‘सिबिल किती?’ हाच असतो.

हा अंक वाढविण्याचा एक उपाय सध्या सर्रास सुचविला जातो: मोठ्या मर्यादेचे क्रेडिट कार्ड घ्या आणि खर्च बेताचा ठेवा. कार्डावर जेवढी उधारी मंजूर आहे तिच्यापैकी किती टक्के वापरली, हे प्रमाण अंक ठरविताना पाहिले जाते. ते तिसाच्या आत असावे, असे सल्लागार सांगतात. अमेरिकेतील ‘फायको’ अंकात देणी वेळेवर फेडण्याला सुमारे ३५ टक्के, तर देण्यांची रक्कम आणि मर्यादेचा वापर या सदराला सुमारे ३० टक्के वजन असते. आपल्याकडील कंपन्या आपले नेमके सूत्र उघड करीत नाहीत. परंतु पद्धतीची दिशा तीच आहे.

अंकगणित म्हणून हा सल्ला चुकीचा नाही. मात्र त्यातील न्याय तपासून पाहिला पाहिजे. विनोबांचे जन्मगाव असलेल्या गागोदे बुद्रुकसारख्या गावातून डोलवी, नागोठणे किंवा धाटाव येथे कंत्राटी कामावर जाणारा एक तरुण घ्या. त्याला १५,००० रुपये मर्यादेचे कार्ड मिळाले आहे. महिन्याचा किराणा, औषधे आणि मुलांची फी मिळून तो १२,००० खर्च करतो व मुदतीत पैन्‌पै फेडतो. त्याच कारखान्यातील अधिकाऱ्याच्या कार्डाची मर्यादा ३ लाख आहे. तोही १२,००० च खर्च करतो व तसेच फेडतो. पहिल्याच्या वापराचे प्रमाण ८० टक्के, दुसऱ्याचे ४ टक्के. खर्च तोच, सचोटी तीच. तरीही संशयित ठरतो तो पहिला. मर्यादा ठरते पगारावरून, म्हणजे ऐपतीवरून. सारांश, ऐपत मोजावयाची आणि तिला पत म्हणून प्रमाणपत्र द्यावयाचे, असा हा व्यवहार आहे.

पेणच्या गणेशमूर्तिकारांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांचा माल आणि मजुरीचा खर्च आधीचे कित्येक महिने चालतो, आणि वसुली होते ती गणेशोत्सवाच्या तोंडावर. अशा कारागिराने कार्डावर रंग व साहित्य घेतले, तर ज्या महिन्यांत त्याला खेळत्या भांडवलाची सर्वांत अधिक निकड असते, नेमक्या त्याच महिन्यांत त्याची उधारी मर्यादेला टेकलेली आणि अंक घसरलेला दिसणार. हंगामी धंद्याचे चक्र नोकरदाराच्या मासिक पगाराच्या मापाने मोजल्यावर दुसरे काय व्हावे?

बँकांचे यावर उत्तर ठरलेले आहे. मर्यादेपर्यंत उधारी करणारे लोक पुढे अधिक प्रमाणात थकतात, असे आकडे सांगतात, हे ते उत्तर. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्याचे उत्पन्न कमी त्याची मर्यादा कमी, ज्याची मर्यादा कमी त्याचा वापर साहजिकच तिच्या जवळ, आणि एखादे आजारपण आले की तोच प्रथम कोलमडणार. आकडे दारिद्र्याचा धोका दाखवितात; अंक तो माणसाच्या स्वभावावर लादतो. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यामागे कर्जदाराच्या मालमत्तेपेक्षा कर्जाच्या हेतूकडे पाहावे ही दृष्टी होती. पन्नासांहून अधिक वर्षांनी आपण उलट दिशेने चाललो आहोत.

आणि मोठी मर्यादा ही काही फुकटची देणगी नव्हे. तिच्यामागे गळ आहे. थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे साधा हिशेब केला तरी वर्षाला ४२ टक्के व्याज ही कार्डांच्या बाबतीत असाधारण गोष्ट नाही. २०,००० रुपये थकले आणि ‘किमान रक्कम’ म्हणून ५ टक्के, म्हणजे १,००० भरले, तर त्यातील ७०० व्याजात व १२६ वस्तू-सेवाकरात जातात; मुद्दल घटते अवघे १७४ रुपयांनी. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. त्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर १८ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. बँकांना तो लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डांच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. गावच्या सावकाराला वेसण आणि कार्डवाल्याला मोकळे रान, ही विसंगती कोणाच्या हिताची आहे हे सांगावयास नको.

मग कार्यकर्त्यांनी लोकांना काय सांगावे? केवळ अंकासाठी नवे कार्ड घेऊ नये. कार्ड असेलच, तर नवीन अर्ज करीत सुटण्यापेक्षा आहे त्याच कार्डाची मर्यादा वाढवून मागावी. मात्र वाढलेली मर्यादा म्हणजे वाढलेले उत्पन्न नव्हे, हे घरात सर्वांना बजावून ठेवावे. बिल निघण्याच्या तारखेपूर्वीच काही रक्कम भरली, तर नोंदीत जाणारी उधारी कमी दिसते. ‘किमान रकमे’च्या वाटेला जाऊ नये, देणे पूर्ण फेडावे. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढविता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल विनामूल्य मिळतो, आणि चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. आपल्या शाखांनी असे अहवाल मागवून वाचून दाखविण्याचे काम अवश्य करावे.

परंतु व्यक्तिगत चतुराईने सामाजिक अन्याय दूर होत नसतो. एकाने मोठी मर्यादा मिळवून आपला अंक सावरला, म्हणून मोजपट्टी सरळ होत नाही. मे २०२५ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला. शेतकऱ्याला ही मोजपट्टी अन्यायकारक आहे हे शासनाला मान्य असेल, तर मूर्तिकाराला, कंत्राटी कामगाराला आणि बचतगटातील भगिनीला ती न्याय्य कशी ठरते? अंकाचे सूत्र जाहीर व्हावे. पूर्ण फेड करणाऱ्याच्या बाबतीत मर्यादेच्या वापराचे वजन रद्द व्हावे. बचतगट आणि पतसंस्थांतील नियमित फेडीची पुरेशी कदर व्हावी. आणि कार्डांच्या व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा घालावी. या चार मागण्या घेऊन गावोगाव सह्या गोळा करणे कठीण नाही. श्रमिकाची पत त्याच्या शब्दात आहे. ती त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरून ठरविण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही, हे ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे.