परवानगी आहे म्हणे!

मुंबईत ड्रोन उडवायला बंदी आहे का, हे लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एखाद्या फोटोग्राफरला विचारा. 'बंदी आहे, पण चालतं,' म्हणेल. पोलीस ठाण्यात विचारा. 'बंदी आहे, पण परवानगी काढून उडवता येतं,' म्हणतील. ती किती दिवसांत मिळते, कोणत्या निकषावर मिळते, नाकारली तर दाद कुणाकडे मागायची, एवढं विचारलंत की दोघंही गप्प होतात. माझं म्हणणं असं की अंधेरी-घाटकोपरच्या आकाशात परवानगीची अट हवीच. पण साध्या अर्जदाराला ती ठरल्या वेळेत मिळण्याची सोयच नसेल, तर तिला परवानगी म्हणू नये. ती आडून घातलेली बंदी आहे, आणि तिने विमानंसुद्धा सुरक्षित होत नाहीत.

आधी पूर्वपक्ष, आणि तो हातचं न राखता मांडला पाहिजे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असला की उतरणारी विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून जातात; गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईला त्यांची उघडलेली चाकं दिसतात. पलीकडे जुहूचा विमानतळ. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले तो हाच, आणि आज तिथे हेलिकॉप्टरांची ये-जा असते. 28 जून 2018 रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेलं एक छोटं विमान घाटकोपरला जागृती नगरजवळ बांधकामाच्या जागेवर कोसळलं. विमानातले चौघं आणि खालचा एक पादचारी, असे पाच जण गेले. त्यात ड्रोनचा काही संबंध नव्हता. पण दाट वस्तीवर विमान पडणं म्हणजे काय, ते त्या दुपारी उपनगरांनी पाहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या वर्द्यांनी सुमारे हजार उड्डाणं विस्कळीत झाली आणि 1,40,000 प्रवासी खोळंबले. शिवाय हे शहर 26 नोव्हेंबर 2008 चा दहशतवादी हल्ला विसरलेलं नाही. तेव्हा बंदी मागणाऱ्यांना भित्रे म्हणून उडवून लावता येणार नाही.

पण भीती खरी असली म्हणून तिच्यावरचा कोणताही इलाज बरोबर ठरत नाही. आणि इलाज नव्हता असंही नाही.

केंद्र सरकारने 25 ऑगस्ट 2021 रोजी ड्रोन नियम जारी केले. पूर्वीचे पंचवीस अर्ज पाचावर आले, बहात्तर प्रकारची शुल्कं चारवर आली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आकाशाची वाटणी झाली. विमानतळाच्या हद्दीपासून साधारण 5 किलोमीटरपर्यंत लाल विभाग, जिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही नाही. 5 ते 8 किलोमीटरच्या पट्ट्यात पिवळा विभाग, जिथे विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 60 मीटर उंचीपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. त्याच्याही पलीकडे, दुसरं काही संवेदनशील नसेल तर, 120 मीटरपर्यंत हिरवा. आणि हिरव्यात परवानगीची गरजच नाही. ('दुसरं काही संवेदनशील' मुंबईत पावलोपावली आहे. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र, माहूलचे तेलशुद्धीकरण कारखाने, मालाडला नौदलाचं आयएनएस हमला. त्यांच्यापासून लांब राहा, एवढं सांगितलं की पुरे.)

आता हा नकाशा उपनगरांवर ठेवून पाहा. अंधेरी आणि घाटकोपर सरळ लाल. भांडुपच्या आसपास पिवळा संपत येतो. मुलुंडचा बराच भाग 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात येतो. बोरिवली, नुसत्या अंतराचा हिशेब केला तर, बारा किलोमीटरच्याही बाहेर पडते. तिच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे वन खात्याचं आणि कान्हेरीला पुरातत्त्व खात्याचं राज्य चालतं, आणि तसंच चाललं पाहिजे. बिबट्याच्या डोक्यावर भिरभिरणारा पंखा कुणालाच नको. पण बोरिवली म्हणजे उद्यान नव्हे. म्हणजे केंद्राच्या नियमानुसार अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई पोलिसांच्या आदेशात त्या एकच आहेत.

हा आदेश निघतो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली, म्हणजे जुन्या 144 खाली. दहशतवादी आणि देशविघातक घटक अतिमहत्त्वाच्या व्यक्तींना लक्ष्य करण्यासाठी हवाई साधनं वापरू शकतात, असं कारण देऊन ड्रोन, रिमोटवरची छोटी विमानं, पॅराग्लायडर, उष्ण हवेचे फुगे, सगळ्यांना आयुक्तालयाच्या संपूर्ण हद्दीत मनाई होते. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत सरसकट. अपवाद दोनच: पोलिसांची स्वतःची टेहळणी, किंवा पोलीस उपायुक्तांची (अभियान) लेखी परवानगी. 2025 मध्ये असा आदेश 4 एप्रिल ते 5 मे होता. पुढचा 11 मे ते 9 जून. मधल्या आठवड्यात 'ऑपरेशन सिंदूर' झालं होतं, तेव्हा मे महिन्यातल्या आदेशाबद्दल मी तक्रार करणार नाही. युद्धाची छाया असताना आकाश मोकळं ठेवा असं कोण म्हणेल? तक्रार आहे ती शांततेच्या दिवसांतल्या आदेशांबद्दल. त्यांचा मजकूर बदलत नाही, फक्त तारखा बदलतात.

यावर 'कायदा-सुव्यवस्था हा राज्याचा विषय आहे' असं सांगितलं जातं. आहेच. पण विमानं आणि हवाई वाहतूक हा राज्यघटनेच्या संघसूचीतला विषय आहे, आणि ड्रोन नियम करताना केंद्राने राज्याच्या गरजेची सोयही त्यातच करून ठेवली. राज्य सरकारला तात्पुरता लाल विभाग जाहीर करता येतो. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी तो करू शकतो. आणि त्याची मुदत एका वेळी 96 तासांहून जास्त असता कामा नये. पंतप्रधान येणार, विसर्जनाची मिरवणूक निघणार, क्रिकेटचा विजयोत्सव होणार, करा लाल. चार दिवस पुरतात. तीस-तीस दिवसांच्या सरसकट आदेशाने हा 96 तासांचा नियम गिळून टाकला. नागरिकांच्या संचाराला आणि संपर्काला घातलेल्या निर्बंधांबाबत 144 चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन निकालात म्हटलं आहे. तिथला विषय काश्मीरचा होता, इथला ड्रोनचा. पण कलम तेच आहे.

'सुरक्षेपुढे सोयी-गैरसोयीच्या गप्पा नकोत' हा बंदीवाद्यांचा हुकमी एक्का. तो केंद्र सरकारनेच निकामी केलेला आहे. 27 जून 2021 च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकण्यात आली. पुढच्याच महिन्यात केंद्राने ड्रोन नियम सैल करणारा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि ऑगस्टमध्ये तो नियम म्हणून लागूही केला. हल्ला ताजा असताना हे करणाऱ्यांना सुरक्षेची चाड नव्हती का? त्यांना इतकं कळलं होतं की स्फोटकं टाकणारा नोंदणी करत नाही आणि आदेशही वाचत नाही. उलट आज मुलुंडमध्ये परवानगीची कोणकोणती उड्डाणं आहेत याची यादी पोलीस ठाण्यात असेल, तर यादीबाहेरचं उड्डाण चटकन नजरेत भरेल. सगळीच बेकायदा असतील तर हवालदाराने लग्नाचा ड्रोन कोणता आणि घातपाताचा कोणता हे ओळखायचं कसं?

शिक्षेचंही पाहा. आयुक्तांचा आदेश मोडला की भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं. त्यात साध्या प्रकरणी सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड. लग्नाच्या एका शूटमध्ये हा दंड सहज बसतो. ड्रोन नियमांत दंड 1 लाख रुपयांपर्यंत जातो. म्हणजे ज्या आदेशाचा धाक दाखवला जातो, दंडापुरता त्याचा धाक कमी. आणि ज्या नियमाचा धाक खरा आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार. 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्यांना मी बंदीवाद्यांपेक्षा कमी दोषी मानत नाही. यांच्यात एक समजूत घट्ट बसली आहे: 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन असला की कुणाला विचारायची गरज नाही. साफ चूक. या नॅनो गटाला वैमानिकाच्या प्रमाणपत्रातून सूट आहे, लाल-पिवळ्या विभागातून नाही. पाव किलोचं यंत्र विमानाच्या इंजिनात गेलं तर इंजिन आधी त्याचं वजन करणार नाही. दुसरी गोष्ट यंत्रांची. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला 9 फेब्रुवारी 2022 पासून मनाई आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेचे अपवाद सोडले तर. तरीही नव्याकोऱ्या चिनी ड्रोनचं कौतुक लग्नाच्या मांडवात ऐकू येतं. तो कुठून आला, त्याला नोंदणी क्रमांक आहे का, हे कुणी विचारत नाही. वर्सोव्याला विसर्जनाच्या गर्दीवर बिनविम्याचा, बिननोंदणीचा ड्रोन फिरवणाऱ्याने उद्या कुणाचं डोकं फोडलं तर भरपाई कोण देणार? मे 2025 मध्ये पवईत एका तरुणावर गुन्हा दाखल झाला तेव्हा 'एवढ्याशा गोष्टीसाठी?' असं विचारणाऱ्यांनी त्या दिवसांत देशाच्या सीमेवर काय चाललं होतं ते आठवावं.

तिसरा आक्षेप कुत्सित आहे: लग्नाचे लाड पुरवायला एवढा खटाटोप? खरं तर याला उत्तर द्यायचीही गरज नाही. फोटोग्राफरचा धंदा हा धंदाच आहे, आणि सरकारी जाहिरातींत मुंबईचं दर्शन वरूनच घडतं तेव्हा त्याला कुणी लाड म्हणत नाही. पण लग्न बाजूला ठेवू. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई इमारत कोसळली. 17 माणसं गेली. 13 मे 2024 रोजी घाटकोपरलाच पंतनगरमध्ये 120 फूट बाय 120 फुटांचा जाहिरातफलक पेट्रोल पंपावर पडला, पुन्हा 17. ड्रोन असता तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या दुर्घटनेत खालच्या मजल्यावरच्या फेरबदलांचा आरोप होता, दुसरीत डोळ्यांदेखत नियम धाब्यावर बसवले गेले होते. पण तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याच्या कलम 353 ब ने सोसायट्यांवर बंधनकारक केली आहे. बाहेरच्या भिंतीची भेग, गंजलेली सळई, सुटलेला सज्जा पाहायला आज माणूस दोराला लोंबकळतो. तेच काम कॅमेरा अर्ध्या तासात करतो, आणि कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

म्हणून आता मंडन. विमानतळाभोवतीच्या उंचीचा प्रश्न या शहराने एकदा सोडवलेला आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत नकाशा कुठल्या भागात इमारत किती उंच चालेल ते सांगतो. विमानांच्या मार्गाखालच्या फनेल झोनमध्ये पुनर्विकास अडकलेल्या विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपरच्या रहिवाशांना तो तोंडपाठ आहे. समजा, अंधेरीत 40 मीटरची इमारत त्या नकाशाने मान्य केली. याचा अर्थ त्या जागी 40 मीटरपर्यंतच्या हवेत विमानाला काही काम नाही. मग त्याच इमारतीच्या भिंतीला लागून, गच्चीच्या खाली, दोरीने बांधलेला ड्रोन 25 मीटरवर फिरला तर विमानाला कोणता नवा धोका झाला? न्यूझीलंडच्या नियमांत हा विचार आहे: एखाद्या वास्तूपासून 100 मीटरच्या आत आणि तिच्या माथ्याखाली केलेल्या उड्डाणाला विमानतळाजवळही वेगळी सवलत मिळते. अमेरिकेत विमानतळाभोवतालचं आकाश चौकोनांत वाटलं आहे, प्रत्येक चौकोनाची उंची ठरलेली आहे, आणि त्या उंचीखालची परवानगी संगणकावर बहुधा काही क्षणांत येते. आपल्याकडे विभागांचा नकाशा आहे, नोंदणी आहे, इमारतींच्या उंचीचा नकाशाही आहे. फक्त एक नकाशा दुसऱ्याशी बोलत नाही.

लाल विभागातल्या उघड्या आकाशात मला एक इंचाचीही सूट नको. धावपट्टीच्या रेषेत तर मुळीच नको. खिडक्यांत डोकावण्याचा प्रश्न आहेच, पण त्याला न्याय संहितेचं कलम 77 आहे. दुर्बिणीने डोकावणाऱ्यासाठी आपण दुर्बिणींवर बंदी घातलेली नाही.

राहिला प्रश्न दाद मागण्याचा. महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवेला मुदत ठरते, जबाबदार अधिकारी ठरतो, अर्ज फेटाळला तर लेखी कारण द्यावं लागतं आणि अपील करता येतं. ड्रोनची पोलीस परवानगी ही अशी सेवा म्हणून अधिसूचित करा. इमारत तपासणीसाठी तीन दिवस, शूटिंगसाठी सात दिवस, अशी मुदत घाला. सरसकट आदेशाऐवजी गरज पडेल तिथे, गरज पडेल तेव्हा 96 तासांचा लाल विभाग जाहीर करा. यासाठी नवा कायदा लागत नाही, गृह खात्याची इच्छा लागते. आणि ती जागी व्हायला हवी असेल तर सोसायट्यांच्या सचिवांनी आणि फोटोग्राफरांच्या संघटनांनी 'चालतं' म्हणणं सोडून रीतसर अर्ज करावेत, पोच घ्यावी आणि नकार मिळाला तर तो लेखीच मागावा.