डावपेच, रणनीती आणि तीस हजार घरे

पक्षाच्या शिबिरांत आणि जिल्हा समित्यांच्या बैठकांत ‘रणनीती’ व ‘डावपेच’ हे दोन शब्द जितक्या सढळपणे वापरले जातात, तितक्याच सढळपणे त्यांची अदलाबदलही होते. उद्याच्या मोर्चाचा मार्ग ठरविणे ही रणनीती म्हणून सांगितली जाते आणि कोणी दहा वर्षांपुढचा विचार मांडला तर ‘हे सारे डावपेच झाले’ म्हणून तो बाजूला सारला जातो. मराठीत डावपेच या शब्दाला लबाडीचा वास चिकटला आहे, हेही त्याचे एक कारण असावे. वस्तुतः हा शब्द तालमीतला आहे आणि तिथे त्याला कसलाही कलंक नाही. पट काढावा की ढाक टाकावी हा क्षणाचा निर्णय, तो डाव. पण कोणत्या जोडीशी लढायचे, मेहनत आणि खुराक किती वर्षे चालवायचा आणि त्यासाठी घरची किती जमीन गहाण टाकायची, हा निर्णय मातीत उतरण्यापूर्वी कधीच झालेला असतो. क्लाउझेविट्झने युद्धशास्त्रात हीच विभागणी केली. लढाईत सैन्य कसे वापरावे हा डावपेचांचा विषय, तर लढायांचा युद्धाच्या हेतूसाठी कसा उपयोग करावा हा रणनीतीचा. अमेरिकेतील आल्फ्रेड चँडलर याने १९६२ साली ड्यू पाँट, जनरल मोटर्स यांसारख्या प्रचंड कंपन्यांचा इतिहास तपासून असे दाखविले की, दूरची उद्दिष्टे आणि त्यांसाठी साधनांची वाटणी आधी ठरते व संस्थेची रचना तिच्यामागून येते. भांडवलदारांनी हा धडा आपल्या संचालक मंडळांत फार पूर्वी गिरविला. कामगारांच्या संघटनांना तो परक्या गोटातला म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

सोलापुरात या प्रश्नाची उदाहरणे शोधत फिरावे लागत नाही. ज्या गिरणीला शहर ‘जुनी मिल’ म्हणून ओळखते, ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १९४९ साली बंद पडली. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन हाती घेतले. भागधारक न्यायालयात गेले. चिरंजीतलाल चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि द्वारकादास श्रीनिवास खटल्यात तोच कायदा घटनाबाह्य ठरविला. संपत्तीच्या हक्काविषयीच्या अशा निवाड्यांतून पुढे १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती झाली. घटनेच्या अभ्यासकांना सोलापूरचे नाव माहीत असते ते मुख्यतः या दोन खटल्यांमुळे! परंतु ज्या कामगारांसाठी हे सारे घडले त्यांच्या दृष्टीने पाहिले, तर सरकारने गिरणी चालू केली हा एक चांगला डाव होता, इतकेच म्हणता येते. जुनाट यंत्रे केव्हा बदलणार, भांडवल कोण घालणार, कापड कोणत्या बाजारात विकणार, याचा आराखडा त्या डावामागे नव्हता. गिरणी पुढे बंदच पडली.

याहून मोठा आणि अधिक वेदनादायक दाखला मुंबईचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कामगारांच्या त्यागाविषयी, गावाकडे परतून उपासमार सोसणाऱ्या कुटुंबांविषयी, कोणाच्याही मनात किंतु नाही. मागण्याही न्याय्य होत्या. पगारवाढ आणि बोनस यांबरोबरच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली एकमेव प्रतिनिधित्वाची मिरासदारी मोडून काढणे, हा त्या लढ्याचा गाभा होता. परंतु संपाचे सामर्थ्य उत्पादन थांबविण्यात असते. आणि येथे ते थांबत नव्हते. भिवंडीचे यंत्रमाग धडधडत होते, कापड बाजारात येत होते, आणि गिरण्यांखालची जमीन गिरण्यांतील मागांपेक्षा मोलाची होऊ लागली होती. ज्या मालकाला गिरणी बंद ठेवण्यातच फायदा दिसतो, त्याच्यापुढे बेमुदत संप हे शस्त्र कितपत चालणार? मालकांजवळ दूरचा हिशेब होता. कामगारांजवळ अतुलनीय निर्धार होता. यंत्रमाग कामगारांना सोबत घेतल्यावाचून आणि गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न लढ्याच्या केंद्रस्थानी आणल्यावाचून तो निर्धार कुठे पोचणार होता, हा प्रश्न तेव्हा पुरेशा जोराने विचारला गेला नाही. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, आणि तो संपलाही.

या पार्श्वभूमीवर सोलापूरच्या विडी घरकुलांचा अनुभव वेगळा म्हणून पाहिला पाहिजे. या शहरात पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी संसाराची घडी अनेक पिढ्या चालत आली. विशेषतः तेलुगू भाषक पद्मशाली वस्त्यांतून एका खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि उंबऱ्यावर सूप घेऊन विडी वळणारी बाई, हे दृश्य नित्याचे. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, हजाराच्या हिशेबाने विड्या द्यायच्या आणि छाट निघाली की मजुरीवर पाणी सोडायचे. अशा विखुरलेल्या, घरबशा कामगारांची संघटना बांधणे हे काम गिरणी कामगारांच्या संघटनेपेक्षा अवघड आहे, कारण येथे फाटकच नाही. सभा घ्यायची तर कुठे? मजुरीचा लढा लढावा, तर मालक दुसऱ्या जिल्ह्यात नाहीतर दुसऱ्या राज्यात काम नेण्याची धमकी देतो.

कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लाल बावट्याच्या संघटनेने घराची मागणी पुढे आणली, तिचे महत्त्व येथे आहे. घर ही मागणी विडी मालकापुरती राहत नाही; ती थेट शासनाशी भिडते, आणि शासनाला धंदा दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. शिवाय १९७६ च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला होता, म्हणजे हक्काला कायद्याचा आधार होता. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगार स्त्रीचा स्वतःचा वाटा अशी तिहेरी बांधणी झाली. कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वारली आदिवासींच्या उठावाच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव तिला देण्यात आले आणि २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते घरे कामगार स्त्रियांच्या स्वाधीन झाली.

या साऱ्या काळात डावपेच असंख्य बदलले. मोर्चे निघाले, धरणी झाली, शिष्टमंडळे मुंबईला आणि दिल्लीला गेली. आज ज्या मंत्र्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्याच्याच टेबलावर उद्या अर्ज ठेवला. दिल्लीत आणि मुंबईत सरकारे बदलली, तसे बोलण्याचे सूरही बदलले. बदलले नाही ते एकच: घर बाईचे, कर्जाचा बोजा तिला पेलेल इतकाच, आणि वसाहत सहकारी संस्थेच्या मालकीची. कोणता डाव टाकावा हे ठरविण्याची मोकळीक कार्यकर्त्यांना त्यामुळेच मिळाली. मुक्काम पक्का नसता, तर प्रत्येक वळणावर ‘हे तडजोड तर नव्हे?’ या वादात वर्षे गेली असती.

दुसरा टप्पा रे नगरचा. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, रिक्षाचालक, कचरा वेचणाऱ्या स्त्रिया अशा असंघटितांसाठी तीस हजार घरांची ही योजना. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजार घरांचे वाटप त्यांच्याच हस्ते झाले. मधल्या पाच वर्षांत मुंबईत तीन मुख्यमंत्री झाले आणि महामारीची दोन वर्षे गेली. पायाभरणीच्या वेळी योजनेचा एकूण खर्च १,८११ कोटी ३३ लाख रुपये आणि त्यात केंद्र व राज्य यांचे मिळून साहाय्य ७५० कोटी रुपये, असे सरकारने जाहीर केले होते. साधा भागाकार केला, तर घरामागे सरासरी खर्च सहा लाख आणि शासनाचा वाटा अडीच लाख पडतो. उरलेले साडेतीन लाख कोठून तरी उभे करणे भाग होते. हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा आकडा लहान नव्हे. ‘सरकारने घरे दिली’ असे म्हणणारे या भागाकाराकडे पाहत नाहीत. आणि ‘सरकारच्या पैशाने पक्षाचे काम केले’ असा आक्षेप घेणारेही पाहत नाहीत. शासनाचे अडीच लाख हे जनतेनेच कररूपाने भरलेले आहेत, ते हक्काने घेण्यात संकोचाचे कारण नाही.

संकोचाचा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी उभा राहिला. पायाभरणीच्या व्यासपीठावरून आडम यांनी पंतप्रधानांची स्तुती केली आणि त्याबद्दल त्यांच्या पक्षाने त्यांना मध्यवर्ती समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. या घटनेची चर्चा बव्हंशी व्यक्तीभोवती झाली. प्रश्न व्यक्तीचा नव्हता. विरोधी विचारांच्या सरकारकडून कामगारांची घरे मिळविणे हा डाव आहे, तो योग्यच होता आणि त्याच्या यशाचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु निवडणुकीच्या वर्षात त्या सरकारच्या राजकारणाला आशीर्वाद देणे ही डावाची गरज नव्हती. मंजुरी कायद्याने आणि योजनेच्या नियमांनी मिळाली होती, स्तुतीने नव्हे. डाव जेव्हा रणनीतीच्या आवाजात बोलू लागतो, तेव्हा ऐकणाऱ्या हजारो स्त्रियांपर्यंत पोचते ते एवढेच की घर अमक्या नेत्याने दिले. वीस वर्षांचा लढा एका वाक्यात झाकला जातो. अर्थात तीन महिन्यांच्या निलंबनाने या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेही मानता येत नाही. पक्षानेही त्या घरांकडे आपल्या एकूण राजकारणाचा भाग म्हणून पाहिले होते की सोलापूरचा स्थानिक पराक्रम म्हणून, हे सांगितले गेले नाही.

याचा पडताळा मतपेटीतही दिसतो. आडम १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये विधानसभेवर गेले. घरे उभी राहिल्यानंतर, २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही निवडणुकांत सोलापूर शहर मध्यमधून त्यांचा पराभव झाला. मतदार कृतघ्न आहेत असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. घर मिळाल्यानंतर घर मागणाऱ्या संघटनेचे काम काय, याचे उत्तर संघटनेने आधीच तयार ठेवावे लागते. संयुक्त महाराष्ट्र समितीचेही असेच झाले. एका मागणीवर जमलेले पक्ष १ मे १९६० नंतर आपापल्या वाटेने गेले.

कुंभारीच्या वसाहतींपुढे आज उभा असलेला प्रश्न धंद्याचा आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, त्याच वेळी विडीवरचा कल्याण उपकर रद्द झाला आणि ज्या निधीच्या आधारावर पहिली लढाई लढली गेली त्याचा झराच आटला. तंबाखूविरोधी धोरण आरोग्याच्या दृष्टीने रास्त आहे, त्याला विरोध करून विडी टिकणार नाही आणि टिकावी असेही कोणी म्हणू नये. पण शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर जाऊन बसलेल्या हजारो घरांतील बायकांना विडीऐवजी कोणते काम द्यायचे? सोलापूरची चादर आणि टॉवेल यांच्या शिलाई-बांधणीचे काम वसाहतीतच आणता येईल का, त्यासाठी गृहनिर्माण संस्थेशेजारी उत्पादक सहकारी संस्था काढावी लागेल का, तिचे संचालक मंडळ वसाहतीतील स्त्रियांनीच चालवावे यासाठी त्यांना हिशेब आणि कायदा आतापासून कोण शिकवणार, आणि पहाटेच्या एसटीचा प्रश्न कोण लावून धरणार, याचा आराखडा पुढच्या मोर्चाची तारीख ठरण्यापूर्वी कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडला गेला पाहिजे.